चढाईचा चौथा गडी

तीन वर्षांपूर्वी आमच्या पाड्याकडे चढाईचे तीन गडी होते आणि तिघांतही काही ना काही खोट होती. एकाचा गुडघा गेला होता. पट्टा आवळून खेळायचा, पण वळताना त्याचं तोंड बघितलं की कळायचं, याला दोन चढायांनंतर बसवावा लागणार. दुसरा उंबरगावच्या कंपनीत पाळीवर जायचा. मैदानात यायचा तोच डोळे चोळत. तिसरा दिसायला झोकदार, केस लाल केलेले, मांडीवर थाप अशी मारायचा की बायका वळून बघायच्या. पण गर्दीत शिरायची हिंमत नव्हती. समोरच्या रेषेला पाय लावायचा आणि परत यायचा.

चौथा गडी माझा जावई. तो या तिघांच्या वरचा होता आणि हे मी आधी कधी तोंडाने बोललो नव्हतो.

अच्छाडला हायवेच्या कडेला ट्रक थांबतात तिथं चहाची एक टपरी आहे. भात झोडून झालं की आम्ही तिघं म्हातारे तिथं बसायचो ते होळीपर्यंत. मी, एस.टी.तून निवृत्त झालेला एक कंडक्टर आणि पाड्यातला गिरणीवाला. दुसऱ्या कशावर आमचं फार बोलणं नसायचं. कोण चढाई करील, कोपऱ्यात कोण उभा राहील, दुसऱ्या पाड्यांकडे कोण आहे, एवढंच. मोबाइलवर मोठ्या शहरांच्या संघांची कबड्डी दिसते, तीही बघायचो आणि त्यांच्याही चुका काढायचो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण तरुणपणी कोपऱ्यात उभा राहून पकडी केल्या आहेत, उजव्या हाताची दोन बोटं त्यात वाकडी झाली ती अजून तशीच आहेत. म्हणून पाड्याच्या संघाची यादी मी करायची असा प्रघात पडला होता. यादी मी माझ्याच हाताने लिहायचो. अक्षर वाकडं आहे, पण दुसऱ्याला लिहू दिलं नाही.

आमच्या भागात आठ पाडे मिळून हिवाळ्यात स्पर्धा भरवतात. दुपारीच खेळतात, दिव्यांचा खर्च नको म्हणून. नियम साधा आहे. प्रत्येक पाड्याने आपली दहा माणसं द्यायची, ती घरची यादी. त्याशिवाय एक बाहेरची यादी असते. तिच्यात शाळेचे मास्तर, भाड्याने राहणारे कंपनीवाले, मामाच्या घरी राहिलेले भाचे, असे ज्यांचा स्वतःचा पाडा स्पर्धेत नाही ते. ते ज्या पाड्यात राहतात त्या पाड्याने त्यांची नावं त्या कागदावर लिहायची. त्यातून प्रत्येक पाड्याने दोन जण उचलायचे. आधी कोण उचलणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं.

आता राहिला घरजावई. मुलगा नसला की आमच्यात जावई घरात आणून ठेवायची रीत आहे. तो सासऱ्याची जमीन कसतो, बायकोबरोबर राहतो, मूलबाळ होतं, आणि लग्नाची हळद सवडीने लागते. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, कोणाची त्याहून उशिरा. हळद लागेपर्यंत तो पाड्याचा धरायचा की बाहेरचा, हे त्या घरच्या म्हाताऱ्याने सांगायचं. स्पर्धेतही तेच.

माझा जावई गुजरातच्या हद्दीलगतच्या गावातून आला, त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. माझी एकच मुलगी. उतारावरची नागलीची शेती, खालचं भाताचं खाचर, सगळं तोच बघायचा. चिकूच्या दिवसांत पहाटेच्या बसने डहाणूकडे वाडीत तोडणीला जायचा आणि दुपार उलटल्यावर परत आल्यावर गुरं बघायचा. बोलणं कमी. हळद राहिली होती. पहिल्या वर्षी घराचं छप्पर नव्याने घालायला काढलं, नंतर माझी बायको आजारी पडली आणि गेली, मग एक वर्ष दुखवट्याचं म्हणून, आणि मग मी "पुढच्या वर्षी" म्हणत गेलो. खरं लिहायचं तर मला घाई नव्हती. हळद लागली की जावई बरोबरीचा होतो. कोणत्या खाचरात काय लावायचं यावर त्याचंही मत विचारावं लागतं. मला तो हाताखाली बरा वाटत होता. त्या वेळी कोणी हे तोंडावर म्हटलं असतं तर मी काठी उगारली असती.

त्या साली यादी करताना पेच असा पडला की चांगली माणसं अकरा झाली आणि जागा दहा. जावयाला घरच्या यादीत घेतला तर कंडक्टरचा पुतण्या गळतो. तो उजव्या कोपऱ्यातला, पकड अशी की पाय सुटायचा नाही. मी बाकावर बसून डोकं चालवलं.

"जावई बाहेरच्या यादीत टाकतो," मी म्हणालो. "पुतण्या घरच्या यादीत राहतो. आपली उचलायची पाळी आली की पहिलं नाव जावयाचं घ्यायचं. चढाईला चार गडी, कोपराही शाबूत."

गिरणीवाला खूश झाला. "म्हाताऱ्याचं डोकं बघ! वकील व्हायचा हा."

कंडक्टरने चहाचा ग्लास खाली ठेवला. "आणि आपली चिठ्ठी सहावी-सातवी निघाली तर?"

"निघू दे. माझ्या घरातला माणूस दुसरा पाडा उचलील? कोणाची छाती आहे?"

"छातीचा प्रश्न नाय, यादीचा आहे. बाहेरच्या यादीत टाकला की तो सगळ्यांचा. असं कर, माझ्या पुतण्याला काढ. तो रुसला तर मी बघून घेतो. जावयाला आत घे."

"तुझा पुतण्या बसवून माझा जावई खेळवू? उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्याने आपलं घर बघितलं."

"मग निदान सातही पाड्यांच्या कारभाऱ्यांना जाऊन सांगून ये, की बाबांनो, हा माझा आहे, याला हात लावू नका. मी येतो बरोबर. मोटारसायकलवर एका दिवसात होईल."

"मी कोणाच्या दारात मागायला जाणार नाय."

टपरीवाला वापीकडचा, आमचं सगळं ऐकत असायचा. तो हसून म्हणाला, "काका, जमाई तमारो, ने चिठ्ठी भगवाननी!" जावई तुमचा, पण चिठ्ठी देवाची. मी त्याला म्हटलं, तू साखर बघ, आज पाण्यासारखा केलायस.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई खळ्यावर नागली बडवत होता. हात न थांबवता त्याने विचारलं, "मामा, यादीत मला कुठं लिवलाय?"

"बाहेरच्या. पण तू काळजी करू नको, आपल्याच पाड्याकडून खेळणार. तो माझा डाव आहे."

"बाहेरच्या," तो म्हणाला. एवढंच. बडवणं तसंच चालू राहिलं.

मुलगी आतून ऐकत होती. सूप हातात घेऊनच बाहेर आली. "बाबा, सात वर्षं घरात राबतो तो बाहेरचा?"

"तुला कबड्डीतलं काय कळतं?"

"कबड्डीतलं नाय कळत. बाहेरचा म्हणजे काय ते कळतं."

मी तिला चुलीकडे जायला सांगितलं. यादी घडी घालून खिशात होती. खोडायला पेनही होतं.

निवड शाळेच्या ओट्यावर झाली. आठही पाड्यांचे लोक जमले होते. पंचांनी स्टीलच्या तांब्यातून चिठ्ठ्या काढल्या. आमची पाचवी निघाली. पहिली निघाली नदीपलीकडच्या पाड्याची. त्यांचा कारभारी माझ्याच वयाचा. आदल्या वर्षी भर मैदानात मी त्याला म्हणालो होतो, तुला चढाई आणि पकड यातला फरक कळत नाही, तू कोंबड्या पाळ. लोक पोट धरून हसले होते. तो नव्हता हसला.

तो उठला, माझ्याकडे न बघता बाहेरची यादी हातात घेतली आणि माझ्या जावयाचं नाव घेतलं.

मी उभा राहिलो. "तो माझ्या घरातला माणूस आहे."

"घरातला असता तर घरच्या यादीत असता," तो म्हणाला. मग कागद पंचांपुढे धरला. "हे अक्षर कोणाचं? तुझंच ना? असं कोंबडीच्या पायासारखं दुसऱ्या कोणाचं नाय."

ओट्यावर जो हशा झाला तो अजून माझ्या कानात आहे. पंचांनी मला बसायला सांगितलं. नियम तो नियम. मी जावयाकडे बघितलं. तो झेंड्याच्या खांबाजवळ उभा होता. मला वाटलं, तो आता म्हणेल, मी खेळत नाही. त्याने तसं म्हटलं असतं तर नाव आपोआप सुटलं असतं, आणि माझीही लाज राहिली असती. मी खूण पण केली, मान हलवून.

तो जवळ आला. "मामा, नाव लागलं. आता खेळायला पायजे."

"माझ्या विरुद्ध?"

"तुम्हीच लिवलंत ना."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं पडलं असतं. तो ओटा ओलांडून नदीपलीकडच्या लोकांत जाऊन उभा राहिला आणि त्यांच्यातल्या एकाने त्याच्या खांद्यावर हात टाकला.

आम्ही पाचव्या पाळीला एक मास्तर उचलला. उंच होता, दमाचा कच्चा.

त्यानंतर रोज दुपारी काम आटोपून जावई नदी ओलांडून सरावाला जायचा. आधी अंधार पडायच्या आत यायचा. मग तिथंच जेवून यायला लागला. त्यांनी त्याला पाठीवर आकडा असलेली निळी बनियन दिली. ती मुलीने धुऊन आमच्याच अंगणात वाळत घातली होती. मी ती दोरीवरून काढून दावणीवर टाकली. तिने उचलली आणि पुन्हा धुतली.

टपरीवर आता मी बोलायचो नाही आणि बाकीचे जास्त बोलायचे. गिरणीवाला म्हणाला, "त्यांच्याकडे चढाईचे आता पाच झाले रे. बसवायला पण गडी आहे त्यांच्याकडे. आपल्याकडे उभा करायला नाय." कंडक्टर मला एकदाही "सांगितलं होतं" म्हणाला नाही. तो तसाच माणूस आहे. पण त्याचं न म्हणणं मला जड जायचं.

उपांत्य सामन्यात त्यांची आमची गाठ पडली. मैदान तलासरीच्या बाजूला, कापलेल्या खाचरात माती दाबून केलेलं. मी आमच्या बाजूच्या दोरीला अगदी टेकून बसलो. माझी मुलगी समोरच्या बाजूला बसली होती, त्यांच्या बायकांत. नातू तिच्या मांडीवर होता.

जावयाची पहिली चढाई आली. मी त्याची चढाई सात वर्षं बघत होतो. आमच्याच खळ्यावर तो चढाई करायचा आणि मी, या वयात, समोर वाकून उभा राहायचो, सराव व्हावा म्हणून. त्याची एक खोड फक्त मला ठाऊक होती. आत शिरायच्या आधी तो डावा पाय एकदा मागे घासतो, बैल घासतो तसा. पाय घासला की तो समोरच्याच्या उजव्या कोपऱ्यावर जाणार, हे ठरलेलं. मी त्याला ती खोड कधी सांगितली नव्हती. सांगावी असं कधी वाटलं नाही.

पहिल्या चढाईत त्याने आमचा एक बाद केला, दुसऱ्या चढाईत दोन. नदीपलीकडचा कारभारी खुर्चीवर बसला होता, मांडीवर मांडी टाकून. तो माझ्याकडे बघून हसला नाही, नुसतं बघितलं. माझं डोकं फिरलं.

तिसऱ्या चढाईला जावई आत आला आणि त्याने पाय घासला.

मी उभा राहून ओरडलो, "घासला! उजवा कोपरा, तुझ्याकडे येतोय! घोटा धर!"

कंडक्टरच्या पुतण्याने सूर मारला आणि घोटा धरला. वरून चौघे पडले. जावई मातीत तोंडावर गेला. आमची पोरं नाचली. मी पण हात वर केले होते, मला आठवतंय.

तो उठला. ओठ फुटला होता. ज्याने पकडलं त्याच्याकडे त्याने बघितलं नाही. दोरीकडे, माझ्याकडे बघितलं. कोणी सांगितलं हे त्याला विचारायची गरज नव्हती, सगळ्या मैदानाने ऐकलं होतं. समोर माझी मुलगी नातवाला कडेवर घेऊन उभी राहिली होती.

थोड्या वेळाने तो पुन्हा आत आला तेव्हा आमचे चार जण उरले होते. त्याने डावा पाय घासला, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा. आमचा उजवा कोपरा झेपावला आणि तो आमच्या डाव्या कोपऱ्यावर गेला. एक, दोन, तीन जणांना हात लावून रेषेवर आला. पुढच्या चढाईत राहिलेला एक गेला, आमच्यावर लोण चढला आणि खेळ तिथंच संपल्यासारखा झाला. सात वर्षांची खोड त्याने एका पकडीत टाकून दिली.

संध्याकाळी तो घरी आला नाही, मुलगी आली. कपडे, दोन भांडी आणि पोराची गोधडी घेतली.

"थोडे दिवस तिकडे राहतो बाबा. कारभाऱ्यांच्या भावाचं घर रिकामं आहे."

"मी काय त्याला मारला?"

"मारला असता तर त्याने सोडून दिलं असतं. तुम्ही खळ्यावरचं बाहेर सांगितलंत."

यावर माझ्याकडे उत्तर होतं असं मला तेव्हा वाटलं. खेळ म्हणजे खेळ, मैदानात सासरा-जावई नसतो, असं मी म्हणालोही. ती ऐकत होती की नाही माहीत नाही. ती गोधडी बांधत होती.

थोडे दिवस म्हणता म्हणता चैत्र आला. त्या पाड्याने त्याला आपला करून घेतला आणि त्यांच्याच मांडवात दोघांची हळद लावली. नवरीचा बाप म्हणून मला रीतसर बोलावणं आलं, दोन माणसं येऊन सांगून गेली. मी पोट दुखतंय म्हणून गेलो नाही. कंडक्टर गेला. दुसऱ्या दिवशी येऊन माझ्या ओट्यावर बसला. "चांगली झाली," म्हणाला. "बापाच्या जागी त्यांचा कारभारी बसला."

शेती पडीक राहिली असं कोणी समजू नये. लावणीला जावई येतो. त्या पाड्यातली चार माणसं घेऊन येतो, दोन दिवसांत खाचर उरकतो, वरची नागलीही लावून देतो. बायकोचा बाप म्हणून जे करायचं ते करतो. जेवायला थांबत नाही. भाकऱ्या बरोबर आणलेल्या असतात, त्या बांधावर बसून खातात. पहिल्या वर्षी मी भात शिजवून ठेवला होता. तो मग मीच दोन दिवस खाल्ला.

यंदा दिवाळी झाल्यावर मी गेलो. कोणी सांगितलं नाही, माझं मीच ठरवलं. दारात गेलो नाही कधी कोणाच्या, पण गेलो. नदीवर आता पूल झाला आहे, चालायला अर्धा तास. मनात वाक्य तयार करून ठेवलं होतं. घरी चल, घर तुझ्या नावाने करतो, यादीत पहिलं नाव तुझं. हे वाक्य मी वाटेत चार वेळा म्हणून बघितलं.

मुलीने अंगणात चटई टाकली. तांब्यात पाणी आणून दिलं. आपल्या बापाला पाणी देताना बाई तांब्यावर पेला उपडा घालून देत नाही. तसं पाहुण्याला देतात. तिने तसं दिलं. मुद्दाम नसेल. त्या घराची सवय असेल. नातू मोठा झालाय, त्याने लांबून बघितलं आणि कोंबड्यांमागे पळाला.

जावई परड्यातून आला, हातपाय धुऊन समोर बसला. अंगाने भरलाय. सरावाला आता पोरांना तोच शिकवतो म्हणे.

"कसे आहात मामा?"

"बरा आहे."

"छप्पर गळतंय का?"

"एका कोपऱ्यात."

"येऊन बघतो."

मी वाक्य बोलायला तोंड उघडलं. त्याच वेळी त्याने, मला बरं वाटावं म्हणूनच, आमच्या दोघांना येतो तो एकच विषय काढला.

"तुमच्या पाड्याची चढाई कशी आहे यंदा?"

तुमच्या पाड्याची. त्याने काही खोचून म्हटलं नव्हतं. सरळ विचारलं, जसं एका पाड्याचा माणूस दुसऱ्या पाड्याच्या माणसाला विचारतो. मी तयार केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. ज्याला घरी चल म्हणायचं तो स्वतःच्याच घरात बसला होता.

"चांगली आहे," मी म्हणालो. "चार गडी आहेत."

तो हसला. त्याला सगळं माहीत असणार. गुडघ्याचा पट्टावाला आता पंच झालाय, कंपनीवाला वापीला खोली करून राहिला, लाल केसांचा लग्न करून मसोलीला सासुरवाडीकडे गेला. आमच्याकडे चढाईला यंदा कोणीच नाही.

"चार म्हणजे बरे आहेत," तो म्हणाला.

मुलीने जेवायला वाढलं, मी जेवलो. निघताना तो पुलापर्यंत सोडायला आला. पुलावर थांबून म्हणाला, "रविवारी छपराला येतो." मी मान हलवली आणि पलीकडे चालायला लागलो.